अर्धी बाटली रक्त

ये गं, अशी जवळ ये. एवढं मोठं काही असं उभ्या उभ्या विचारायचं असतं का? परवा एक पाय रिक्षात आणि एक पाय अंगणात ठेवून विचारलंस, "आजी, माझी खरी आजी कशानं गेली हो?" मी तोंड उघडेपर्यंत रिक्षा वळलीसुद्धा. भाजीचा भाव विचारल्यासारखं हे असं कुणी विचारतं? मी रागावले नाही, पण रागावण्यासारखं होतं की नाही ते तूच सांग. मग म्हटलं, ऐकायला ही बसत नाही तर लिहूनच ठेवावं. माझं लिहिणं म्हणजे बोलणंच. मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती माझ्या मुलाच्या पाटीवरून, एक डोळा चुलीवर ठेवून. तेव्हा वेलांट्या मोजत बसू नकोस.

तुमच्या घरी काय सांगतात ते मला ठाऊक आहे. आजोबांनी नवस मोडला, म्हणून आजी गेली. तुझी आई हेच ऐकत मोठी झाली. पण तिथं हजर असलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून हे सांगणं माझ्याकडे आलं.

तुझी आजी माझी थोरली बहीण. मी तिला बाय म्हणायची. आमची आई आम्हाला लवकर सोडून गेली होती, त्यामुळे बायचं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं आणि हाताखाली म्हणून मी गेले. तीसच्या सालापुढच्या गोष्टी ह्या. माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल नसेल. बायचं सासर रेवदंड्याच्या खाडीपलीकडे. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, तरीत बसून इकडे यायचं.

बाळंतपण तसं सुखरूप झालं. तुझी आई जन्मली, रडली ती अशी की शेजारच्या आळीतून माणसं विचारायला आली, मुलगा झाला का म्हणून. वार पडली. पण सगळी पडली नव्हती, थोडी आत राहिली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बायच्या अंगावरून जायचं थांबेना. सुईण म्हणाली, "जाऊं दे, घाण हाय ती, गेलेली बरी." ती काही वाईट बाई नव्हती गं, तिनं अर्धा गाव जन्माला घातला होता. पण मी कपडे धूत होते ना. विहिरीवर धुण्याचं पाणी लाल वाहायचं ते फिकं व्हायचं नावच घेईना. बायचे ओठ आणि गाल एका रंगाचे दिसायला लागले. रेवदंड्याहून कंपाउंडर आला, त्यानं तिची पापणी ओढून पाहिली आणि एवढंच म्हणाला, "मुंबईला न्या. आजच न्या."

डोली बांधली. बाळाला सासूनं ठेवून घेतलं, शेजारची एक ओली बाळंतीण दूध पाजायला तयार झाली. बरोबर निघालो तिघं. मी, भावोजी म्हणजे तुझे आजोबा, आणि त्यांचे चुलते. त्यांना सगळे काका म्हणायचे. काकांनी तरुणपणी मुंबईच्या गिरणीत थोडे दिवस काढले होते, आणि तेवढ्या भांडवलावर ते सगळी मुंबई आपल्या ओळखीची असल्यासारखे बोलायचे.

निघताना भावोजी अंगणात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले. हरिहरेश्वर त्या बाजूला. हात जोडले, ओठ हलले. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही, घरातून निघताना सगळेच हात जोडतात. आणि आमच्याकडची रीत अशी, की नवस देवाला सांगायचा, माणसाला नाही. माणसाच्या कानी गेला की देव त्यातून मोकळा झाला, असं मानतात. त्यामुळे त्यांनी काय मागितलं आणि काय कबूल केलं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

तरीतून रेवदंडा, तिथून बैलगाडीनं रेवस. चैत्र संपत आलेला, ऊन नुसतं अंगावर ओतल्यासारखं. बायला मी मांडीवर घेतली होती, पदराची सावली धरून. सासूनं भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. रेवसच्या धक्क्यावर मी भावोजींपुढे भाकरी धरली, तर म्हणाले, "तू खा. माजं काकांसंगं झालं." मी खाल्ली. मला काय ठाऊक, काकांना त्यांनी सांगितलं होतं, "मेहुनीसंगं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरलो. काकांनी घोडागाडीवाल्याशी हुज्जत घातली. तो म्हणाला, "बाबा, पेशंट हाय तुमच्याकडं का भांडन?" काका म्हणाले, "पेशंट हाय म्हनून कमी बोलतोय." त्या तसल्या वेळीही बाय मांडीवर डोळे मिटून किंचित हसली. तिला काकांचं फार हसू यायचं.

मोठं सरकारी इस्पितळ होतं. एवढ्या उंच छताखाली मी कधी उभी राहिले नव्हते. बायला आत घेऊन गेले. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. मराठीच होते, तरुण, कपाळावर घामाचे थेंब. म्हणाले, "आत राहिलेला तुकडा काढला. पण अंगात रक्त उरलेलं नाही. माणसाचं रक्त घालावं लागेल."

काका म्हणाले, "मानसाचं? कंच्या मानसाचं?"

"तुमच्यापैकीच कुणाचं तरी. जुळलं तर."

"आनि बरी झाली का परत काढून घ्यायचं?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती ती, काका खरंच विचारत होते. आम्हाला कुणालाच असं काही असतं हे ठाऊक नव्हतं. रक्त म्हणजे ज्याचं त्याचं, जसा जीव ज्याचा त्याचा.

मी हात पुढे केला. म्हटलं, "माझं घ्या. सख्खी बहीण आहे मी." नर्सबाईंनी बोटाला सुई टोचली. चिनी मातीच्या पांढऱ्या तबकडीवर माझा थेंब ठेवला, त्यात बायच्या रक्तावरचं पाणी म्हणतात ते मिसळलं, आणि डॉक्टर तबकडी हळूहळू हलवत राहिले. मी वाकून बघत होते. थोड्या वेळानं थेंबात रवा दिसायला लागला. दूध नासताना दिसतो ना, तसा, पण लाल.

"जुळत नाही."

"अहो, एका आईच्या पोटच्या आम्ही."

"असू दे. बहिणी-बहिणींचं जुळतंच असं नाही."

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही नीट पटत नाही. माझे डोळे तिच्यासारखे, नखं तिच्यासारखी, हसताना गालाला खळी पडते तीसुद्धा एकाच बाजूला. आणि आत एवढं वेगळं? मी बोट तोंडात घालून कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. आणखी काय करणार होते?

काकांना वयामुळे नको म्हणाले. मग भावोजींचा थेंब ठेवला. तो हलवला, पुन्हा हलवला, गंधासारखा सपाट राहिला. डॉक्टरांचा चेहराच बदलला. "जुळलं! चला, आडवे व्हा."

तेवढ्यात काका मध्ये उभे. "थांबा, थांबा. नवऱ्याचं रगत बायकोच्या अंगात? मंग ती त्याची भैन झाली की! भाऊबीजेला ओवाळायचं का तिनं त्याला?"

डॉक्टर म्हणाले, "ओवाळायला तरी जगू दे आधी."

भावोजी सदरा काढून टेबलावर जाऊन झोपले. डॉक्टरांनी दंडाला रबर बांधता बांधता विचारलं, "जेवलात ना?"

"व्हय."

"कधी?"

"बोटीवर."

"पाणी प्यायलात?"

"व्हय, व्हय. घ्या तुमी."

मला दारात उभं राहू दिलं होतं. काचेची बाटली, तिच्या तळाशी थोडं औषधाचं पाणी, रक्त गोठू नये म्हणून. नर्सबाई बाटली सारखी हलवत होत्या. नळीतून रक्त पडायला लागलं. आधी धार बरी होती, मग बारीक झाली. डॉक्टर म्हणाले, "मूठ वळा, सोडा, वळा, सोडा." भावोजींची मूठ नीट वळेना. शेतकऱ्याचा हात गं तो, नांगर धरणारा, पण मूठ वळेना. बाटली अर्ध्यावर आली होती. भावोजींचे ओठ हलत होते, मला वाटलं जप करतायत. मग ओठही थांबले. डोळे वर गेले आणि मान एका बाजूला पडली.

डॉक्टरांनी सुई काढली. पायांखाली उशा घातल्या, कुणी वारा घातला. नर्सबाईंनी हाताची कातडी चिमटीत धरून वर उचलली, तर ती तशीच उभी राहिली, खालीच बसेना. डॉक्टरांनी त्यांचं तोंड उघडून जीभ पाहिली. उन्हात सुकलेल्या पानासारखी झाली होती. थोडी शुद्ध येतेय असं दिसल्यावर नर्सबाईंनी दूध-साखरेचा पेला ओठांना लावला. आणि भावोजी घटाघटा प्यायले. अर्धवट शुद्धीतच होते. अंगाला पाणी हवं होतं, ते अंगानं घेतलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, "यांनी कधीपासून खाल्लं-प्यायलं नाही?"

मी म्हटलं, "काकांबरोबर जेवले म्हणाले."

काका म्हणाले, "आँ? मला म्हनला, मेहुनीसंगं झालं."

आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

डॉक्टरांनी काकांना पिटाळलं, "गाववाले असतील ना मुंबईत? जेवढे मिळतील तेवढे घेऊन या." काका धावले. मग डॉक्टर मला हलक्या आवाजात म्हणाले, "पोटात अन्नपाणी असतं तर बाटली भरली असती. भरली असती, तर..." आणि पुढचं न बोलता आत गेले. ते वाक्य त्यांनी माझ्यापाशी तसंच अर्धं ठेवलं. ते बोलले तेव्हा जवळ दुसरं कुणी नव्हतं.

अर्धी बाटली बायच्या खाटेशी टांगली. मी तिच्या उशाशी. थेंब थेंब उतरताना मी तिच्या तोंडाकडेच बघत होते, आणि खोटं सांगत नाही, खालच्या ओठाला रंग आला. अगदी फिका, पण आला. तिनं डोळे उघडले.

"पोर कुनाकडं हाय?"

"शेजारीणबाई पाजते तिला. चांगली पिते गं."

"रडते?"

"रडते तर! गाव गोळा करते."

"नाव ठेवू नका मी येईपत्तर. तुज्या भावोजींना सांग. आत्याला घाई असते नाव ठेवायची."

एवढं बोलली. भावोजी तेव्हा टेकून टेकून दारापर्यंत आले होते. त्यांनी तिच्या ओठाचा रंग पाहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाटली संपली. नर्सबाईंनी ती तिरकी करून तळाचं उरलंसुरलंही नळीत सोडलं.

काका परतले तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. चाळीतून चौघं निघाले होते म्हणे, फाटकापर्यंत दोघंच पोचले. काका त्या न आलेल्यांच्या नावानं इतकं बोलले की ते शब्द मी लिहीत नाही. आलेल्या दोघांचे थेंब तबकडीवर ठेवले. रवा. रवा. मग नर्सबाईंनी कुणी न सांगता स्वतःचं बोट टोचलं. डॉक्टरांनीही टोचलं. सगळे त्या पांढऱ्या तबकडीवर वाकलेले, जणू आत काही शिजतंय. रवा. नर्सबाईंनी तबकडी धुवायला नेली आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बायच्या ओठाचा रंग तोवर उतरायला लागला होता. अंगावरून पुन्हा जायला लागलं होतं, थोडं थोडं.

मी काय केलं म्हणशील, तर काही नाही. तिचे पाय चोळले. पाय गार ते गारच. इतकी माणसं, इतकं मोठं इस्पितळ, सगळ्यांच्या अंगात रक्त खेळतंय, बाहेर रस्त्यावर माणसांचा पूर चाललाय, आणि तिला हवं ते पेलाभर रक्त कुणाकडेच नाही. हे कसं सोसायचं, ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

सकाळी भावोजी डॉक्टरांपुढे दंड उघडा करून उभे. "आनखी काढा."

डॉक्टरांनी नाडी पाहिली. "नाही लागत अजून नीट. आता काढलं तर तुम्हीही जाल. काही खा, दुपारी बघू."

"दुपार लई लांब हाय."

"मला कळतं हो," डॉक्टर म्हणाले.

दुपार आलीच नाही. झाडणारी बाई खाटांखालून केर काढत आमच्यापर्यंत आली होती. तिनं बायकडे पाहिलं, झाडू खाली ठेवला आणि मला म्हणाली, "पोरी, हात सोड आता." तोवर मला कळलंही नव्हतं.

सगळं मुंबईतच उरकलं. परतीच्या बोटीत काका पहिल्यांदा गप्प होते. भावोजी माझ्याशेजारी येऊन बसले आणि मग बोलले. "मी देवाला म्हनलं हुतं, ती उठून बसेपत्तर पान्याचा थेंब घेनार न्हाय. आनि तिच्या ओटावर रंग आला तवा माज्या पोटात दूध हुतं. म्हनून उतरला तो. मी मोडला गं. माज्या हातानं मोडला."

डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. भावोजी, तुम्ही दूध प्यायलात म्हणून नाही, पाणी प्यायला नव्हतात म्हणून. हे सांगितलं असतं तर? नवस मोडल्याचा दोष गेला असता आणि त्याच्या जागी नवस पाळल्याचा दोष आला असता. आणि हा मोठा, बघ. दूध तर बेशुद्धीत पोटात गेलं. तहान मात्र त्यांनी जाणूनबुजून धरली होती, आणि तीसुद्धा तिच्यासाठीच. मी पाण्याकडे बघत बसले.

गावी गेल्यावर त्यांनीच सगळ्यांना सांगितलं की नवस मोडला. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. कुणी शिव्या दिल्या नाहीत, पण सगळ्यांनी मानलं. त्यांनी पुढे दुसरं लग्न केलं, तान्ह्या पोरीसाठी करावंच लागलं. ती बाई मायाळू होती, तुझ्या आईला तिनं कधी सावत्रपणा दाखवला नाही, हे तुलाही ठाऊक आहे. भावोजींनी मात्र पुढे जन्मभर दूध तोंडाला लावलं नाही. लोकांना वाटायचं, पचत नसेल.

खूप वर्षांनी एकदा माझ्याकडे आले होते, नवा तांदूळ घेऊन. ओटीवर बसले, इकडचं तिकडचं बोलले, आणि उठता उठता म्हणाले, "त्या दिवशी तो डाक्टर तुज्याशी काय बोलला गं? मी पडल्या पडल्या पायलं हुतं, तू नि तो."

एवढी वर्षं ते विचारायचं राहिलं होतं बघ.

मी म्हटलं, "आणायला उशीर झाला म्हणाले."

"येवढंच?"

"एवढंच."

आणि ते खोटंही नव्हतं. उशीर झालाच होता. भरलेल्या बाटलीनं तरी ती वाचली असती का, हे त्या डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं, म्हणून तर त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. भावोजींनी मान हलवली, चपला घातल्या. फाटकापाशी थांबून म्हणाले, "तांदूळ उन्हात घाल, वलसर हाय." आणि गेले.

आता ते नाहीत. त्यांच्यापुरतं मी बरोबर केलं असं मला वाटतं, आज पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. माझा जीव अडकलाय तो तुझ्या आईपाशी. मागे बापाचे दिवस झाले तेव्हा ती माझ्याजवळ बसली होती. इतकी शांत पोर, पण हळूच म्हणाली, "मावशी, बाबांनी एक दिवस तहान सोसली असती तर आई राहिली असती." बापावरचा हा राग तिनं मनात लहानपणापासून जपलाय. बाप गेला तरी तो गेलेला नाही. आणि तिला कोण सांगणार, की बाबांनी तहान सोसली, फार सोसली, हेच तर झालं होतं?

सांगितलं तर बापावरचा राग जाईल. पण मग आयुष्यभर त्या माणसावर उगाच रागावल्याचं तिला काय काय वाटेल? तिचंही आता वय झालं, रक्तदाब आहे. न सांगितलं तर ती तो राग घेऊनच एक दिवस जाईल. मी रात्रंदिवस हेच उलटंसुलटं करते, आणि मला काही सुचत नाही. तेव्हा इस्पितळात सुचत नव्हतं, तसंच.

तू तिची मुलगी. तिला काय सोसेल आणि काय नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे वाच आणि आईला दाखवायच्या आधी माझ्याकडे ये. रिक्षावाल्याला उभा ठेवून नको, राहायला ये. दोघी बसून ठरवू, सांगायचं की नाही आणि सांगायचं तर कुणी. पण लवकर ये, बाळा. माझ्या वयाला फार थांबता येत नाही.